पन्नाशी जवळ आली तरी हाताशी फक्त दीडशे घोडेस्वार होते! मलिक अंबरच्या आयुष्यातून ध्येयाबद्दल काय शिकता येतं?

वाळूज एमआयडीसीत शिफ्ट सुटली की बजाजनगर, जोगेश्वरी, पंढरपूर, रांजणगाव शेणपुंजी या भागांतल्या खोल्यांकडे माणसांचा लोंढा निघतो. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला, तेव्हापासून मराठवाड्याच्या गावागावांतून माणसं या पट्ट्यात येत आहेत. येताना बहुतेकांचा हिशोब ठरलेला असतो. दोन वर्षं कंपनीत काढायची, चार पैसे गाठीला बांधायचे आणि मग स्वतःचं काहीतरी सुरू करायचं.

मग दोनाची पाच वर्षं होतात, पाचाची दहा. खोलीचं भाडं, गावाकडचं कर्ज, लग्न, मुलांची शाळा. तिशी-पस्तिशीत एक विचार डोक्यात घर करतो, की आता उशीर झाला.

याच वाळूजहून नगर नाक्यावरून छत्रपती संभाजीनगर शहरात शिरलं की पुढे भडकल दरवाजा लागतो. १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून तो बांधला गेला. ज्याने तो बांधला, तो माणूस वयाच्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसाव्या वर्षी दुसऱ्याच्या हाताखाली फक्त दीडशे घोडेस्वारांचा म्होरक्या होता. त्याआधी तो विकला गेलेला गुलाम होता. आणि नंतर? नंतर त्याने अकबर आणि जहांगीर या दोन बादशहांच्या फौजांना जवळपास पंचवीस वर्षं दख्खनमध्ये अडवून धरलं आणि एक शहर वसवलं, जे आज आपलं जिल्ह्याचं ठिकाण आहे.

त्याचं नाव मलिक अंबर. इतिहासाच्या पुस्तकात तो गनिमी काव्यासाठी भेटतो. पण ध्येय कसं ठरवायचं आणि ते मोडलं तर पुन्हा कसं उभं करायचं, हे समजून घ्यायलाही त्याच्या आयुष्यासारखं दुसरं उदाहरण या मातीत शोधून सापडणार नाही.

चापूचा अंबर कसा झाला?

साधारण १५४८ च्या सुमाराला इथिओपियात एक मुलगा जन्मला. त्याचं मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. तांबड्या समुद्राकाठचं मोखा बंदर, मग बगदाद, असा त्याचा प्रवास झाला. बगदादमध्ये मीर कासिम नावाच्या मालकाने त्याची हुशारी ओळखली, त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं.

पुढे १५७० च्या दशकात तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान म्हणजे मंगोल नव्हे. तो स्वतःही हबशी होता आणि एकेकाळी गुलामच होता. त्या काळी दख्खनच्या सुलतानांकडे मोठ्या संख्येने हबशी सैनिक असत. इथली गुलामी बहुधा जन्मभराची नसे. मालक मेला किंवा त्याने मोकळं केलं, की माणूस पगारी सैनिक होई आणि कर्तबगारी असेल तर सरदारही.

अंबरने चंगेजखानाच्या घरात राहून एक मोठी गोष्ट शिकून घेतली. राज्य चालतं कसं? वसूल कुठून येतो, फौजेचा पगार कसा भागतो, दरबारातली भांडणं कशी मिटवतात किंवा पेटवतात, हे सगळं त्याला पेशव्याच्या वाड्यात रोज दिसत होतं. तो काही शिकाऊ उमेदवार म्हणून तिथे आला नव्हता. पण जे डोळ्यांसमोर चाललं होतं, ते त्याने वाया जाऊ दिलं नाही. पुढच्या आयुष्यात त्याने केलेला कारभार पाहिला की हे लक्षात येतं.

वीस वर्षं, ज्यांत नाव घेण्यासारखं काही घडलं नाही

काही वर्षांतच चंगेजखान मारला गेला. त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं. आता तो स्वतंत्र होता, पण त्याच्या पाठीशी कुणीच नव्हतं.

पुढची सुमारे वीस वर्षं तो पोटासाठी तलवार चालवत फिरला. विजापूरच्या आदिलशाहीत त्याने चाकरी केली. तिथे त्याला मलिक हा किताब मिळाला आणि थोडी माणसंही त्याच्याभोवती जमली. पण पुरेसा पैसा आणि अधिकार मिळेना, तेव्हा तो आपली माणसं घेऊन बाहेर पडला.

यशोगाथा सांगताना लोक ही वीस वर्षं दोन ओळींत उरकतात. पण खरी मेख इथेच आहे. या काळात त्याच्या नावावर गड नाही, मोठी लढाई नाही, जहागीर नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तो अडकून पडलेला माणूस वाटला असता. मात्र या वर्षांत त्याच्याकडे दोन गोष्टी साठत गेल्या. पहिली, दख्खनच्या वाटा, घाट, नद्या आणि पाणवठ्यांची ओळख. दुसरी, त्याच्यावर विश्वास ठेवणारी माणसं. पुढे जे काही उभं राहिलं ते या दोन गोष्टींच्या पायावर.

दीडशे घोड्यांची संधी

१५९५ मध्ये तो निजामशाहीत परतला आणि अभंगखान या हबशी सरदाराकडे दीडशे घोडेस्वारांचा प्रमुख झाला. वेळ कसली होती? निजामशाही मोडकळीला आली होती. वारसाहक्कावरून दरबारात चार गट पडले होते आणि मुघल फौज अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसली होती. चांदबिबी आत राहून किल्ला लढवत होती. ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला, चांदबिबी आपल्याच माणसांकडून मारली गेली आणि तरुण सुलतान मुघलांच्या कैदेत गेला.

म्हणजे राजधानी गेली, राजा गेला. बहुतेकांच्या लेखी निजामशाही संपली. अनेक सरदारांनी मुघलांची मनसब पत्करली. व्यवहार म्हणून पाहिलं तर तेच शहाणपणाचं होतं.

मलिक अंबरने वेगळा विचार केला. किल्ला आणि राजधानी गेली असली तरी आजूबाजूचा मुलूख अजून मुघलांच्या पूर्ण ताब्यात नव्हता. त्याने निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधून परांड्याच्या किल्ल्यात त्याला गादीवर बसवलं. तोच दुसरा मुर्तजा निजामशहा. त्याच्याशी आपल्या मुलीचं लग्न लावलं आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. दीडशे स्वारांची संख्या काही वर्षांत हजारोंच्या घरात गेली.

ध्येय एकच ठेवलं, वाट मात्र बदलत राहिली

ध्येयाबद्दल बोलताना आपली एक नेहमीची चूक होते. साधन आणि ध्येय यांची आपण गल्लत करतो. अमुक कंपनीत कायम व्हायचं, हे साधन. घरची घडी नीट बसवायची, हे ध्येय. साधन हातातून गेलं की आपल्याला वाटतं ध्येयच गेलं.

मलिक अंबरच्या हालचाली पाहिल्या की तो ही गल्लत करत नव्हता हे दिसतं. दख्खन मुघलांच्या ताब्यात जाऊ द्यायचं नाही, हे त्याचं ध्येय. राजधानी कुठे असावी, हा तपशील. म्हणून राजधानी आधी परांड्याला, मग १६०७ मध्ये जुन्नरला, मग १६१० च्या सुमारास दौलताबादला असं तो फिरवत राहिला. १६०२ मध्ये नांदेडजवळ मुघलांशी झालेल्या लढाईत तो जखमी झाला. तेव्हा त्याने खान-ए-खानान अब्दुर्रहीम याच्याशी तह केला आणि मिळालेल्या सवडीत घरचा प्रतिस्पर्धी राजू दखनी याच्याकडे मोर्चा वळवला. १६०७ मध्ये राजूचा पाडाव झाला. एका वेळी एकच आघाडी, हा त्याचा शिरस्ता होता.

लढाईची पद्धतही त्याने आपल्या कुवतीप्रमाणे ठरवली. मुघलांकडे जड तोफा, हत्ती, प्रचंड फौज आणि अफाट खजिना. मोकळ्या मैदानात त्यांच्याशी भिडणं म्हणजे आत्महत्या. त्याच्याकडे काय होतं? हलके, चपळ मराठा घोडेस्वार आणि डोंगराळ मुलूख. मग त्याने शत्रूच्या फौजेशी लढण्यापेक्षा तिच्या रसदेशी लढायला सुरुवात केली. धान्याचे तांडे लुटायचे, चारा जाळायचा, रात्री छापे घालायचे आणि समोरून हल्ला आला की पांगायचं. याला बारगीगिरी म्हणत. वेरूळच्या भोसले घराण्यातले मालोजीराजे आणि पुढे शहाजीराजे हे निजामशाहीतलेच सरदार. मराठ्यांच्या पुढच्या युद्धतंत्राची ही एक तालीमच होती.

१६१० मध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला परत जिंकला. जहांगीर बादशहाला हे इतकं झोंबलं, की त्याच्या दरबारातल्या अबुल हसन या चित्रकाराने एक चित्र काढलं. त्यात जहांगीर भाल्यावर टांगलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात जहांगीरला तो कधीच सापडला नाही. सूड फक्त कागदावर उगवला गेला.

शहर जळालं, पुन्हा उभं राहिलं, पुन्हा जळालं

१६१० च्या सुमारास दौलताबादजवळ खडकी नावाच्या गावाच्या जागी त्याने नवं शहर वसवायला घेतलं. भडकल दरवाजा आणि जामा मशीद ही त्याच काळातली बांधकामं.

१६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगाव इथे मुघलांनी त्याचा दणदणीत पराभव केला. पाठोपाठ मुघल फौज खडकीत शिरली आणि तिने शहर जाळलं. १६१७ मध्ये शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, मोठी फौज घेऊन दख्खनमध्ये आला. अंबरला तह करावा लागला. अहमदनगरचा किल्ला परत द्यावा लागला. तेव्हा त्याचं वय सत्तरीच्या जवळ होतं. शहर राख झालेलं, मित्र सरदार फुटलेले, सात वर्षांपूर्वी जिंकलेला किल्ला हातातून गेलेला.

इथे थांबला असता तरी इतिहासात त्याचं नाव राहिलं असतं. पण १६२० मध्ये तो पुन्हा उठला. १६२१ मध्ये खुर्रम पुन्हा आला आणि खडकीची पुन्हा नासधूस झाली. पुन्हा तह झाला.

या सगळ्या चढउतारांत एक गोष्ट ठळक दिसते. पराभव झाला की तो तह करायचा, म्हणजे हरलो हे कबूल करायचा. पण त्या कबुलीत तो अडकून पडत नसे. तहानंतर मिळालेला वेळ तो घोडी, माणसं आणि पैसा उभा करण्यात घालवायचा. हार मान्य करणं आणि ध्येय सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्याइतकं स्पष्ट फार थोड्यांना कळलं असेल.

रोजचं काम: पाणी आणि जमीन

लढायांच्या धामधुमीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. एवढी वर्षं फौज पोसायला पैसा आला कुठून? उत्तर आहे, कारभारातून.

त्याच्या आधी अनेक ठिकाणी सारावसुलीचा मक्ता दिला जाई. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम भरणार आणि रयतेकडून वाटेल तितकं ओरबाडणार. मलिक अंबरने ही मक्तेदारी मोडली. जमिनीची पाहणी करून तिची प्रतवारी लावली, पिकाच्या अंदाजावर सारा बसवला, तो आधी धान्यात आणि पुढे रोख घेण्याची पद्धत आणली. गावचे पाटील आणि इतर वतनदार यांचे हक्क मान्य करून वसुलीची जबाबदारी गावावर टाकली. शेतकऱ्याला आपल्याला किती द्यायचं आहे हे आधी कळू लागलं, की तो पडीक जमीनही लागवडीला आणतो. मलिक अंबरचा धारा म्हणून ही पद्धत महाराष्ट्रात पुढे दीर्घकाळ ओळखली गेली.

दुसरं काम पाण्याचं. खडकीची जागा व्यापाराला आणि संरक्षणाला चांगली, पण पाण्याला कमी. खाम नदीवर मोठं शहर जगणं अवघड. मग शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूच्या डोंगरांत मुरणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं आणि नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणायचं, असा घाट त्याने घातला. ठरावीक अंतरावर साफसफाईसाठी आणि हवेसाठी विहिरीसारखी उभी तोंडं ठेवली. ना मोट, ना रहाट, ना बैल. हीच नहर-ए-अंबरी.

आज जायकवाडीचं पाणी पंपांनी चढवून संभाजीनगरला आणि वाळूजच्या कारखान्यांना आणावं लागतं. वीज गेली की नळ कोरडे. त्या पार्श्वभूमीवर ही नहर बघितली की तिची किंमत कळते. पुढे याच धर्तीवर शहरात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीला पाणी देणारी नहर त्यांतलीच, १८ व्या शतकातली. शहराच्या काही भागांना विसाव्या शतकापर्यंत नहरींचं पाणी मिळत राहिलं.

भातवडी: शेवटचा मोठा डाव

१६२४ मध्ये मुघल आणि आदिलशाही एकत्र आले. दोन मोठ्या सत्ता एका बाजूला आणि पंचाहत्तरी ओलांडलेला मलिक अंबर दुसऱ्या बाजूला. अहमदनगरजवळ भातवडी इथे त्याने तळ ठोकला आणि तिथल्या तलावाचं पाणी शत्रूच्या वाटेवर सोडलं. रस्त्यांचा चिखल झाला, तोफा आणि गाडे रुतले, रसद तुटली. उपाशी फौजेतून माणसं फुटून त्याच्याकडे येऊ लागली. मग त्याने हल्ला केला आणि मोठा विजय मिळवला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजीराजे याच लढाईत पडले.

दोन वर्षांनी, १६२६ मध्ये, सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा असताना मलिक अंबर वारला. ज्या मुघल दरबाराने हयातभर त्याला शिव्या घातल्या होत्या, त्याच दरबाराच्या बखरीत मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तारीफ नोंदवली गेली. त्याची कबर खुलताबादला आहे. पुढे औरंगजेबही त्याच गावात दफन झाला.

मागे काय राहिलं, काय नाही?

आता थोडी कटू बाजूही बघू. मलिक अंबर संत नव्हता. ज्या सुलतानाला त्याने गादीवर बसवलं, त्याच्याशी बिनसल्यावर त्याचा विषप्रयोगाने काटा काढला गेला, अशी नोंद त्या काळी इथे आलेल्या एका डच व्यापाऱ्याने केली आहे. सत्ता त्याने वाटून घेतली नाही. भातवडीनंतर लवकरच शहाजीराजेही निजामशाही सोडून आदिलशाहीत गेले. त्याच्यानंतर कारभार त्याचा मुलगा फत्तेखान याच्याकडे आला. खडकीचं फतेहनगर झालं, पण सात वर्षांत, १६३३ मध्ये, फत्तेखानाने दौलताबाद मुघलांच्या हवाली केलं. शहाजीराजांनी निजामशाही वंशातलं एक मूल गादीवर बसवून तीन वर्षं झुंज दिली, अगदी मलिक अंबरच्याच पद्धतीने. १६३६ मध्ये तेही संपलं.

म्हणजे ज्या ध्येयासाठी तो पंचवीस वर्षं लढला, ते त्याच्यामागे जेमतेम दहा वर्षं टिकलं. मग सगळं फुकट गेलं का?

नाही. जे एकट्या त्याच्या धडाडीवर उभं होतं, ते त्याच्याबरोबर गेलं. जे इतरांच्या हाती सोपवता येईल असं होतं, ते उरलं. नहर वाहत राहिली, कारण तिला मलिक अंबरची गरज नव्हती, उताराची होती. धारा टिकला, कारण तो गावाच्या पाटलाला चालवता येत होता. शहर उरलं, कारण त्यात राहणाऱ्यांची सोय होती. शहराची नावं बदलत गेली, माणसं राहिली.

आपल्यासाठी यातून काय?

१) ध्येय आणि साधन वेगळं लिहून काढा. कंपनीत कायम होणं तुमच्या हातात नाही. सीएनसी ऑपरेटर असाल तर सहा महिन्यांत ड्रॉइंग वाचायला आणि सेटिंग करायला शिकणं तुमच्या हातात आहे. कंपनी सुटली तरी सेटरचं काम हातात राहतं.

२) संथ वर्षांचा हिशोब वेगळा मांडा. पगार वाढला नाही, पण माणसं जोडली गेली का? काम नव्याने कळलं का? अंबरची वीस वर्षं याच मापाने मोजावी लागतात.

३) एका वेळी एकच आघाडी. कर्ज, शिक्षण, घर, धंदा हे सगळं एकाच वर्षात जमत नाही. एकाशी तह करा, म्हणजे कर्जाचा हप्ता ठरवून घ्या, आणि दुसऱ्याला भिडा.

४) उत्साहावर विसंबू नका, व्यवस्था लावा. फौज जोशावर लढली असेल, पण पगार साऱ्यातून निघाला. दर महिन्याला पगार झाल्या दिवशीच बाजूला काढलेली ठरावीक रक्कम ही तुमची नहर. ती तुमच्या मनःस्थितीवर अवलंबून नसते.

५) आपल्यानंतरही चालेल असं काहीतरी करा. घरात एकटे तुम्हीच सगळं जाणत असाल, तर ते घर फत्तेखानाच्या वाटेने जाऊ शकतं. बायको-मुलांना, भावाला हिशोब दाखवा, काम शिकवा.

आणि उशीर झाला असं वाटत असेल, तर एवढंच लक्षात ठेवा. आपण ज्या मलिक अंबरला ओळखतो, त्याचं जवळपास सगळं काम पन्नाशीनंतरचं आहे.